ब्रुकलिनचा पूल आणि एमिलीबाई रोब्लिंग

१८८३ सालच्या जून महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, ही गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी थोडेच दिवस, म्हणजे २४ मे रोजी, त्याच ठिकाणी एका प्रचंड पुलाचे उद्घाटन झाले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष समारंभास हजर होते. मुख्य भाषण अब्राम ह्युइट नावाच्या गृहस्थांचे झाले. त्यांनी पुलाच्या शिल्पकारांबरोबर एका स्त्रीचाही गौरव केला. ज्या उच्च शिक्षणापासून स्त्रियांना इतकी वर्षे दूर ठेवण्यात आले, ते घेण्याची त्यांची पात्रता या बाईंनी सिद्ध केली आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्या बाई म्हणजे एमिली वॉरेन रोब्लिंग. आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

एमिलीचा जन्म २३ सप्टेंबर १८४३ रोजी न्यूयॉर्क संस्थानात, हडसन नदीकाठच्या कोल्ड स्प्रिंग या गावी झाला. घरात बारा भावंडे होती व ही शेवटून दुसरी. वडील १८५९ मध्ये वारले आणि कुटुंबाचा भार थोरला भाऊ गव्हर्नर वॉरेन याच्याकडे आला. गव्हर्नर हे त्याचे नावच होते, हुद्दा नव्हे. तो सैन्यात अधिकारी होता. १८६३ सालच्या गेटिसबर्गच्या प्रसिद्ध लढाईत एक मोक्याची टेकडी वेळीच राखल्यामुळे त्याचे नाव झाले. बहिणीने शिकावे असे त्याला मनापासून वाटे. एमिलीचे शिक्षण वॉशिंग्टन शहराजवळच्या जॉर्जटाउन येथील जोगिणींच्या शाळेत झाले. त्या काळी मुलींना जे शिकवीत ते सर्व ती शिकली. परंतु पुढे जे लागणार होते ते मात्र कोणत्याच मुलींच्या शाळेत शिकवीत नसत.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता १८६४ साली ती भावाला भेटण्यासाठी लष्कराच्या छावणीवर गेली. तेथे भावाच्या हाताखालचा एक तरुण इंजिनियर तिच्या परिचयाचा झाला. त्याचे नाव वॉशिंग्टन रोब्लिंग. १८ जानेवारी १८६५ रोजी दोघांचा विवाह झाला.

एमिलीबाईंचे सासरे जॉन रोब्लिंग हे मोठे नामांकित गृहस्थ. जर्मनीतून अमेरिकेत येऊन त्यांनी तारांचे दोर वळण्याचा कारखाना काढला आणि त्या दोरांवर टांगलेले झुलते पूल बांधले. नायगारा नदीवर १८५५ साली त्यांनी बांधलेल्या पुलावरून आगगाडी जात असे. आता त्यांच्या मनात न्यूयॉर्क व ब्रुकलिन यांच्यामधील ईस्ट रिव्हरवर पूल बांधायचे होते. त्या वेळी ही दोन स्वतंत्र शहरे होती आणि दोन्हींमधली सारी ये-जा नावांतून चाले. १८६६-६७ च्या हिवाळ्यात नदी गोठून वाहतूक खोळंबली तेव्हा पुलाची निकड सर्वांना पटली. नव्या पुलाच्या तयारीसाठी वॉशिंग्टन व एमिलीबाई १८६७ मध्ये युरोपात गेली. पाण्याखाली पाया घालण्याच्या नव्या पद्धती त्यांनी तेथे पाहिल्या. त्याच प्रवासात सासऱ्यांच्याच जन्मगावी, म्युल्हाउझेन येथे, त्यांना पुत्र झाला. हे त्यांचे एकुलते एक अपत्य.

१८६९ च्या जून महिन्यात घरावर पहिला आघात झाला. जॉन रोब्लिंग धक्क्यावर उभे राहून पुलाची जागा पाहत असता बोट धक्क्याला लागली आणि त्यांचा पाय चेंगरला. धनुर्वात होऊन २२ जुलै रोजी ते मरण पावले. पुलाचा एक दगडही अजून बसला नव्हता. मुख्य इंजिनियराची जागा बत्तीस वर्षांच्या वॉशिंग्टनकडे आली आणि १८७० च्या जानेवारीत कामास सुरुवात झाली.

येथे झुलता पूल उभा कसा राहतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे, म्हणजे पुढे एमिलीबाईंना काय शिकावे लागले याची कल्पना येईल. आपण अंगणात कपडे वाळत घालण्यासाठी दोरी बांधतो. ओले लुगडे टाकले की दोरी मधे झुकते आणि दोन्ही खुंट्यांना आत ओढते. दोरी सैल असेल तर ती खोल झुकते पण खुंट्यांवरची ओढ कमी असते. हौसेने दोरी अगदी ताठ बांधली तर तेच लुगडे खुंटी उपटून काढते. झुलत्या पुलाच्या दोराचेही असेच आहे. दोराचा झोळ दोन मनोऱ्यांमधील अंतराच्या बाराव्या हिश्श्याइतका ठेवला, तर दोरातील आडवी ओढ त्याला टांगलेल्या साऱ्या भाराच्या दीडपट होते. झोळ निम्मा केला तर ती ओढ तिप्पट होते.

ही ओढ सोसणार कोण? मनोरे दगडी. दगड दाब उत्तम सोसतो, ओढ सोसत नाही. पाटा कितीही वजन पेलतो, पण दोराने आडवा ओढलेला खांब कोसळतो. म्हणून दोर मनोऱ्यांच्या माथ्यावर नुसते टेकवलेले असतात, बांधलेले नसतात. माथ्यावर लोखंडी बैठका असतात व त्यांखाली रूळ असतात. नदीच्या बाजूची ओढ आणि जमिनीच्या बाजूची ओढ एकमेकींना तोलतात आणि मनोऱ्याच्या वाट्याला उरतो तो फक्त सरळ खाली येणारा भार. दोरांची टोके दोन्ही काठांवर दगडी बांधकामाच्या पोटात खोल पुरलेली असतात. या पुलाच्या प्रत्येक टोकाच्या अशा बांधकामाचे वजन सुमारे ६० हजार टन आहे.

वाऱ्याचे भय निराळेच. १८५४ मध्ये ओहायो नदीवरचा व्हीलिंग येथील झुलता पूल वादळात हेलकावे खाऊन कोसळला होता. जॉन रोब्लिंग यांनी त्यावरून धडा घेऊन आपल्या आराखड्यात रस्त्याच्या कडेने ताठ लोखंडी जाळीचे कठडे घातले आणि मनोऱ्यांच्या माथ्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे तिरपे दोरही लावले. आजही ब्रुकलिनचा पूल दुरून पाहिला की तारांची जी जाळी दिसते, ती यामुळेच.

परंतु सर्वांत कठीण काम पाण्याखालच्या पायाचे होते. भरलेल्या बादलीत पेला उपडा घालून दाबला तर आतली हवा पाण्याला आत येऊ देत नाही. याच तत्त्वावर लाकडाचा एक अवाढव्य उपडा पेटारा नदीत सोडला. ब्रुकलिनकडच्या पेटाऱ्याची लांबी १६८ फूट व रुंदी १०२ फूट होती. त्यात यंत्राने हवा कोंडायची, मजुरांनी आत उतरून नदीचा तळ खणायचा आणि वरून मनोऱ्याचे दगड रचत जायचे, म्हणजे भाराने पेटारा खाली खाली जातो. जसजशी खोली वाढे तसतसा आतल्या हवेचा दाबही वाढवावा लागे. ब्रुकलिनकडे सुमारे ४४ फुटांवर काम भागले. न्यूयॉर्ककडे मात्र ७८ फुटांपर्यंत जावे लागले.

अशा कोंडलेल्या हवेतून माणूस झटकन बाहेर आला की त्याच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजन वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. सोड्याची बाटली फोडली की फेस येतो, तसेच हे. सांधे ठणकतात, हातपाय लुळे पडतात, प्रसंगी प्राणही जातो. हळूहळू दाब उतरवीत बाहेर आणले तर धोका पुष्कळ टळतो हे आज पाणबुड्यांना शिकवतात. त्या वेळी याचे नीट ज्ञान नव्हते. न्यूयॉर्ककडच्या पेटाऱ्यात या रोगाने तिघे मजूर दगावले. खडक लागेपर्यंत खणले तर आणखी बळी जातील, हे ओळखून वॉशिंग्टन रोब्लिंग यांनी १८७२ च्या मे महिन्यात घट्ट वाळूच्या थरावरच काम थांबविले. तो निर्णय योग्य ठरला, तो मनोरा आजतागायत ढळलेला नाही. मात्र वारंवार पेटाऱ्यात उतरल्याने ते स्वतः त्याच रोगाला बळी पडले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना कामावर जाणेच अशक्य झाले. वेदना असह्य, दृष्टी अधू, मन इतके हळवे की कोणाशी चार शब्द बोलणेही सोसत नसे.

पूल तर अर्धाही झाला नव्हता. आपण पूल पुरा होईपर्यंत जगणार नाही असे समजून रोब्लिंग यांनी त्या हिवाळ्यात उरलेल्या कामाच्या बारीकसारीक सूचना सांगण्यास सुरुवात केली. ते सांगत आणि एमिलीबाई लिहून घेत. लिहून घेणाऱ्याला विषय समजला नाही तर लिहिण्यात चूक होते. आणि पुलाच्या कामात चूक म्हणजे माणसांचे प्राण. म्हणून त्यांनी अभ्यास सुरू केला. उच्च गणित, पदार्थांची ताकद, ताण व दाब यांचे हिशेब, दोर विणण्याची रीत, मोकळ्या लोंबत्या दोराची वक्ररेषा आणि त्यावर रस्ता टांगला म्हणजे ती कशी बदलते, हे सारे विषय एका रुग्णाची शुश्रूषा, लहान मुलाचे संगोपन आणि घर सांभाळून त्यांनी आत्मसात केले. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. पदवी मिळणार नव्हती की परीक्षा नव्हती.

मधे काही महिने हवापालटासाठी जर्मनीत गेले, काही काळ न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे गेला. १८७७ मध्ये कुटुंब ब्रुकलिनला नदीकाठच्या टेकडीवरील घरात परतले. आजारी इंजिनियर खिडकीतून दुर्बिणीने काम पाहत आणि एमिलीबाई रोज कामावर जात. नवऱ्याचा निरोप हाताखालच्या इंजिनियरांना सांगणे, त्यांच्या अडचणी समजून घेणे, घरी येऊन त्या नेमक्या मांडणे, उत्तर घेऊन पुन्हा जाणे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुलाचा सारा पत्रव्यवहार त्याच पाहत. भेटीस येणारे कंत्राटदार व अधिकारी यांच्याशी त्या इतक्या जाणकारीने बोलत की खरा मुख्य इंजिनियर कोण, असा संशय पुष्कळांना येऊ लागला.

१८७८ मध्ये एक भयंकर प्रकार उघडकीस आला. दोरांसाठी लागणारी पोलादी तार पुरविण्याचे कंत्राट लॉइड हेग नावाच्या कारखानदाराकडे होते. तपासनीस चांगली तार पाहून पसंत करीत; परंतु गाडी पुलाकडे येताना वाटेत ती तार उतरवून नापास झालेली तार भरली जाई. चांगली तार पुन्हा तपासणीला जाई. कळेपर्यंत पुष्कळ खराब तार दोरांत विणली गेली होती आणि ती काढणे शक्य नव्हते. गिऱ्हाइकाला दाखवायचे एक आणि मापात घालायचे दुसरे, हा अनुभव कोणत्या गृहिणीला नाही! पण येथे प्रश्न हजारो जिवांचा होता.

येथे आधीची दूरदृष्टी कामास आली. दोर हे लागणाऱ्या ताकदीच्या सहापट मजबूत असावेत असा रोब्लिंग यांचा हिशेब होता. खराब तार धरूनही ते प्रमाण पाचपटीच्या खाली जात नाही, असे त्यांनी पडताळून पाहिले आणि प्रत्येक दोरात आणखी सुमारे १५० तारा कंत्राटदाराच्या खर्चाने घालविल्या. असे चार दोर आहेत. प्रत्येकाची जाडी पावणेसोळा इंच आणि प्रत्येकात ५,४३४ तारा. चारी दोरांतील तार सरळ पसरली तर ती सुमारे १४ हजार मैल भरेल. ती खराब तार आजही पुलात आहे आणि पूल तिच्यासह उभा आहे.

लोकांच्या मनातली भीती मात्र हिशेबाने जाणारी नव्हती. १८७६ च्या डिसेंबरात अमेरिकेतच ॲश्टाब्युला येथे लोखंडी पूल मोडून आगगाडी कोसळली व नव्वदाहून अधिक माणसे गेली. १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल वादळात पडला आणि गाडीतील कोणीही वाचले नाही. मग ब्रुकलिनच्या पुलाचे काय, असा प्रश्न वर्तमानपत्रे विचारू लागली. कामाचा खर्च व कालावधी वाढतच होता, आणि मुख्य इंजिनियर तर दहा वर्षांत कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. तो जिवंत तरी आहे का, त्याचे डोके ठिकाणावर आहे का, अशी कुजबुज चाले. १८८२ मध्ये ब्रुकलिनचे महापौर सेठ लो यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा घाट घातला. या कठीण काळात विश्वस्तांशी, पुढाऱ्यांशी बोलून पतीची बाजू मांडण्याचे काम एमिलीबाईंनी केले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात विश्वस्तांनी मते घेतली. दहा मते रोब्लिंग यांच्या बाजूने पडली, सात विरुद्ध. तीन मतांनी त्यांचे पद राहिले.

१८८३ च्या मे महिन्यात, उद्घाटनापूर्वी, पुलावरून पहिली गाडी नेण्याचे ठरले. दुडक्या चालीने जाणाऱ्या घोड्याचा पुलावर काय परिणाम होतो, हे पाहायचे होते. त्या गाडीत एमिलीबाई बसल्या. विजयाचे चिन्ह म्हणून एक जिवंत कोंबडा त्यांनी मांडीवर घेतला होता. मजुरांनी हातचे काम थांबवून, टोप्या उंचावून त्यांचा जयजयकार केला. ज्यांनी दहा वर्षे त्यांना ऊन, पाऊस व बर्फ यांत कामावर येताना पाहिले होते, त्यांनी दिलेली ही मानवंदना होती. उद्घाटनाच्या पहिल्याच दिवशी दीड लाख माणसांनी पूल ओलांडला. पतीने तो सोहळा घराच्या खिडकीतून पाहिला, आणि राष्ट्राध्यक्ष ऑर्थर त्यांचे अभिनंदन करण्यास घरी आले.

तरीही भीती पुरती गेली नव्हती. सहाच दिवसांनी, ३० मे रोजी, गर्दीत पूल पडत असल्याची हूल उठली आणि चेंगराचेंगरीत बारा माणसे मेली. पूल जागच्या जागी होता. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात बार्नम या सर्कसवाल्याने एकवीस हत्ती पुलावरून चालवून नेले, तेव्हा सामान्य जनांची खात्री पटली. दोन मनोऱ्यांमधील त्याचे १,५९५ फुटांचे अंतर वीस वर्षे झुलत्या पुलांत जगात सर्वांत मोठे होते.

पूल झाल्यावर एमिलीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. ट्रेंटनमधील घर त्यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. न्यूयॉर्कच्या सोरोसिस या जुन्या महिला मंडळाच्या त्या सभासद होत्या. १८९८ च्या युद्धानंतर माँटॉक येथील छावणीत परतलेल्या आजारी सैनिकांच्या मदतीसाठी त्यांनी काम केले. आणि पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पुन्हा अभ्यास केला, तो कायद्याचा. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्त्रियांसाठीच्या कायदेवर्गाचा अभ्यासक्रम १८९९ मध्ये त्यांनी पुरा केला. त्या वेळी त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले व तो एका कायदेविषयक नियतकालिकात छापून आला. विषय होता पत्नीवर कायद्याने घातलेली बंधने. नवऱ्याचे नाव आणि काम जिने राखले, तिनेच विवाहित स्त्रीला कायदा किती कमी लेखतो हे लिहावे, यातील अर्थ आपण सर्वजणी जाणू शकतो.

२८ फेब्रुवारी १९०३ रोजी कर्करोगाने त्यांचे ट्रेंटन येथे निधन झाले. ज्या पतीच्या जगण्याची आशा नव्हती ते १९२६ पर्यंत, एकोणनव्वद वर्षे जगले.

एमिलीबाईंनीच पूल बांधला असे आज काही ठिकाणी लिहिले जाते. ते खरे नाही आणि त्याची गरजही नाही. मूळ कल्पना सासऱ्यांची, आराखडे व निर्णय पतीचे, घाम मजुरांचा. आणि निदान वीस माणसांचे प्राण त्यात गेले. परंतु या साऱ्यांना जोडणारा जो दुवा होता, तो तुटला असता तर काम दुसऱ्याच्या हाती गेले असते. हे त्या स्वतःही ओळखून होत्या. आपण नसतो तर पुलाला रोब्लिंग हे नाव लागलेच नसते, असे त्यांनी उतारवयात मुलाला पत्रातून स्पष्ट कळविले होते.

१९५१ साली ब्रुकलिनच्या इंजिनियरांच्या संस्थेने पुलाच्या मनोऱ्यावर एक पाटी बसविली. तीत सासरे आणि पती यांच्याबरोबर एमिलीबाईंचेही नाव आहे. त्या पाटीत त्यांची श्रद्धा, धैर्य आणि त्याग यांची थोरवी गायिली आहे; गणिताचा उल्लेख नाही. २०२१ मध्ये पुलाच्या पायथ्याशी नदीकाठच्या उद्यानातील एका चौकाला त्यांचे नाव देण्यात आले. स्त्रीच्या त्यागाची स्तुती करणे जगाला नेहमीच सोपे वाटते. आजारी पतीची सेवा करणाऱ्या स्त्रिया तेव्हाही पुष्कळ होत्या, आजही आपल्या प्रत्येक आळीत आहेत. एमिलीबाईंची सेवा उपयोगी पडली ती तिला अभ्यासाची जोड होती म्हणून. आपल्या मंडळात शिवणाच्या वर्गापासून हिशेब लिहिण्यापर्यंत जे काही नव्याने शिकणे चालते, त्याला आता हे वय का, असे कोणी विचारले, तर तिशीनंतर पुलाचे गणित आणि पंचावन्नाव्या वर्षी कायदा शिकलेल्या या बाईंचे नाव त्यांना अवश्य सांगावे.